गोदाकाकूंचं कनेक्शन

आता मला सांगा, वायर टाकणं हा गुन्हा आहे का? नाही ना? मग सिनेमा कंपनीच्या वकिलानं मलाच का धरावं? म्हणे, "आपल्या ग्राहक गोदाबाई इंटरनेटवरून नवे सिनेमे चोरून उतरवतात, कनेक्शन तोडा, नाहीतर जबाबदार आपण." तुम्हाला सांगतो, लोक टेलिफोनच्या तारेवर कुंईकुंई ऐकत बसायचे तेव्हा कसबा पेठेतल्या या बोळात केबलचं इंटरनेट आणलं ते मी, आणि गोदाकाकू माझ्या पहिल्या गिऱ्हाईक... सत्तरी ओलांडलेल्या, नेट कशाला, तर रविवारी अमेरिकेतला नातू अनिरुद्ध दिसावा म्हणून. त्या मारामारीचे सिनेमे उतरवणार?

वकिलाला म्हटलं, साहेब, खडकवासल्याच्या पाण्यावर कुणी हातभट्टी लावली तर धरणाला बेड्या घालता का? आपलं काम वायर टाकायचं. तर म्हणतो कसा, "धरणाला नोटीस बजावता येत नाही. आपल्याला येते."

गेलो काकूंकडे. काकू, पासवर्ड कुणाला दिलात? "अरे, मागेल त्याला. विरजण मागायला आलेल्याला कधी नाही म्हटलंय का मी? शेजारच्या यमुनाबाईंना दिला, त्यांनी खालच्यांना दिला, त्यांनी समोर..." म्हणजे अख्खा बोळ काकूंच्या पुण्याईवर, आणि मी येडा, इथं गिऱ्हाईक का मिळत नाही म्हणून भर उन्हात पत्रकं वाटतोय!

तोडलं हो शेवटी. लायसन गेलं तर खायचं काय? काकू म्हणाल्या, "तोड, मी रागावले नाही, फक्त अनिरुद्धला तूच कळव." फार वाईट वाटलं, खरं सांगतो. पण आपलं काम वायर टाकायचं, तसं काढायचंही.

संध्याकाळी दुकानात हीऽ गर्दी. "नेट बंद का?" म्हटलं, कुणाचं? "आमचं." तुमचं कनेक्शन आहे? सगळे पंख्याकडे बघायला लागले. शेवटी बोळातलेच गोपाळकृष्ण, सरकारी नोकरीत जन्मभर दुसऱ्यांना नियम दाखवलेला माणूस, घसा खाकरून म्हणाले, "अहो, आम्हाला वाटलं, ते काकूंकडूनच येतं."

मग काय, घरटी कनेक्शन. आपलं काम वायर टाकायचं, टाकत सुटलो. एवढा धंदा जन्मात झाला नव्हता, म्हणून पेढे घेऊन काकूंकडे गेलो, म्हटलं, चला, तुमचंही जोडतो. "नको रे," म्हणाल्या, "यमुनाबाईंनी त्यांचा पासवर्ड दिलाय, काल अनिरुद्ध दिसला, अंगानं भरलाय... उगाच दोन-दोन कशाला?"

म्हणजे बघा, बोळात चोरी न करणारं एकच गिऱ्हाईक होतं, ते वकिलानं तोडायला लावलं. बाकी मजेत आहे हो... नोटिसा तेवढ्या मला आता घरटी येतात.