धाकटी नव्हे, धाकली

आत्या: हात लावू नकोस म्हटलं ना! पुसायचं काही नाही.

भाची: पुसत नाहीये गं, आत्या. तुझा लिहायचा प्रोग्राम उघडतो आणि लगेच मिटतो, हेच ना?

आत्या: परवा तू तो नवा करून गेलीस, तेव्हापासून. त्याआधी चांगला धडधाकट होता.

भाची: प्रोग्राम नवा झाला, पण तुझ्या आवडीनिवडी ज्या फाइलमध्ये आहेत ती जुनीच राहिली. ती वाचतानाच तो अडखळून पडतो. हे बघ, फाइल बाजूला ठेवली. उघडला की नाही?

आत्या: उघडला, पण अक्षरं मुंगीएवढी! माझी मोठी अक्षरं कुठं घालवलीस?

भाची: त्याच फाइलमध्ये आहेत. थांब, निम्म्या ओळी परत घालते... चालला. आता उरलेल्यातल्या निम्म्या... मिटला. म्हणजे चोर यांच्यातच आहे. हं, सापडली! 'आपोआप दुरुस्ती बंद'. नव्याला ही एक ओळ कळतच नाही. ती काढली की मोठी अक्षरं परत.

आत्या: आणि धाकली?

भाची: कोण धाकली?

आत्या: माझी बहीण. तू जन्मायच्या आधीच गेली. तिचंच तर लिहितेय. टाईप करून बघ.

भाची: आधी ती फाइल परत बाजूला ठेवून उघडते. हं, धा... क... ली. अरेच्चा, यानं 'धाकटी' केलं! मग तेच लिही ना. अर्थ एकच.

आत्या: एक कसा? धाकटी कुणाच्याही घरात असते. धाकली आमची होती. तिला शाळेत घातली नाही, कुठल्या कागदावर तिचं नाव चढलं नाही. हाक मारायचे तेच नाव. आता कुठं कुणी लिहायला बसलं, तर हा खोडणार?

भाची: नव्यात दुरुस्ती बंद करायची सोयच नाही गं. आणि जुना आता या कॉम्प्युटरवर चालत नाही.

आत्या: मग त्याला शब्द शिकव.

भाची: शिकत नाही तो.

आत्या: मी साठी उलटल्यावर बाराखडी शिकले, आणि हा शिकत नाही? मठ्ठ मेला!

भाची: दर वेळी मागे जाऊन 'टी' खोडून 'ली' करावं लागेल. तेवढं केलं की गप्प बसतो. पण पानापानावर आहे ती.

आत्या: असणारच. काढ ती ओळ.

(कळांचा आवाज.)

भाची: बघ, झालीच परत धाकटी.

आत्या: होऊ दे. सरक तिकडे. बघू आधी कोण दमतं.