बघत बसायचे तास

डोळे तपासायच्या दवाखान्यात थेंब घालून घेतलेले हिशेबनीस बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या. धाकटीच्याही डोळ्यांत थेंब होते.

"नोकरी सोडण्याआधी सांग, महिन्याला किती चित्रं होतील?"

"तीन. ताई, दिव्याला पिसं फुटलीत गं!"

"डोळे मीट म्हणालेत ना डॉक्टर! तीन चित्रांवर पोट भरेल?"

"भरेल. मी जेवते कितीशी?"

"थट्टा पुरे. माझ्या कापडदुकानाची मागची खोली वर्षभर फुकट देते, पण आराखडा पक्का हवा. सकाळी काय करणार?"

"खिडकीत बसणार."

"आणि काम?"

"तेच तर काम. दुपारपर्यंत नुसतं बघायचं, मग रंगवायचं."

"अगं, हे बघत बसायचे तास मी कशात धरू? खर्चात?"

'खर्चातच,' हिशेबनिसांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तू कापडाचे तागे आणतेस, ते कशात धरतेस?"

"मालात."

"मग तिथेच धर."



"मागच्या खोलीला खिडकीच नाहीये गं," थोरली म्हणाली.

"मग?"

"पुढे बस तू. तागे मागे नेते मी."

"आणि गिऱ्हाईक?"

"येईल की, तुझी चित्रं बघत बघत."

आतून हाक आली, "काका, डोळे उघडा, चला."

हिशेबनिसांनी डोळे उघडले. वर दिव्याला खरंच पिसं फुटली होती.

"काका, येताय ना?"

"आलोच," ते म्हणाले, आणि तिथेच बघत उभे राहिले.