टॉवेल डोक्यावर

पहाटेच्या विमानाने ओसाकात उतरून दोघी म्हाताऱ्या जपानी बहिणी हॉटेलवर पोचल्या, तर खोली दुपारशिवाय मिळेना. त्यांच्यामागे रांगेत मियोको ही अनोळखी तरुणी उभी होती.

"ताई, बॅगा इथं ठेवू. गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर उघडलंय, गरम पाण्यात मस्त बसू."

"तू जा. मी थांबते इथंच."

"दुपारपर्यंत? पार्सलासारखी?"

"सुमिए, सगळ्या बायकांपुढे कपडे काढायचे. कॅन्सरने माझी एक बाजू सपाट केलीय."

"मी टॉवेल धरते ना पुढे. कुणाला दिसणार नाही."

"का गं? मी काय चोरी केलीय? कॅन्सरला पुरून उरले आणि आता बायकांना घाबरू?"

"अगं, हळू!"

"पाण्यात बसल्यावर टॉवेल डोक्यावर ठेवतात, मीही तिथंच ठेवीन. आणि काय गं पोरी, मघापासून ऐकतेयस ना? चल, बघायलाच ये!"