तिसरा नांगर

(मार्च १९७७. साकोलीकडच्या एका कॉलेजचं ऑफिस. संस्थेचे सचिव मारोतराव, अर्थशास्त्राचे कापगते सर आणि चहा घेऊन आलेला शिपाई भैय्यालाल.)

मारोतराव : नाही नाही, खुर्चीवर बसा, सर. मागच्या खेपेले तुम्हाले उभं ठेवलं, ते इसरून जा.

कापगते : तुमच्या नोटिशीचं उत्तर लिहून आणलं आहे. वर्गात प्रचार केल्याचा आरोप मला मान्य नाही.

मारोतराव : काहून मान्य नाही? रेडिओ आयकला का नाही? दिल्लीत गाय-वासरूचं सरकार पडलं, नांगरवाले आले! अन् तुम्ही पंधरा दिवसांआधीच भर वर्गात नांगराचं नाव घेतलं. हिंमत लागते, बाप्पा!

कापगते : तेव्हा तर तुम्ही म्हणालात, विरोधकांची निशाणी शिकवता, नोकरी जाईल.

मारोतराव : ते संस्थेकडून बोललो. आज मनातून बोलून राहिलो. हे पाहा, तुमची ऑर्डर. तीन वर्षं टेम्परवारी राहिले, आता कायम. फक्त उत्तरात लिहा, का तक्रार खरी आहे. रविवारी नांगरवाल्यांचा सत्कार आहे. तुम्हाले बी हार घालू.

कापगते : अहो, मी अर्थशास्त्र शिकवत होतो. धानाची एक एकर बांदी, म्हणजे बांध घातलेलं शेत. एक नांगर लावला, पाच खंडी धान. दोन लावले, सात खंडी.

मारोतराव : हेच तं भोजराजनं तक्रारीत लिहिलं! माहा पुतण्या आहे म्हणून नाही सांगत, पण शब्द न् शब्द उतरवला पोट्ट्यानं. 'सर म्हणाले, नांगर वाढला की धान वाढते.'

कापगते : खरं आहे. तीन वर्षांत इतकी चांगली टिपणं कोणीच काढली नव्हती. पण तेवढ्यात घंटा झाली, मग निवडणुकीची सुट्टी लागली. उरलेला धडा उद्या आहे.

मारोतराव : मंग उद्या आणखी वाढवा ना धान!

कापगते : तिसऱ्या नांगराला वाढत नाही. सातची सातच खंडी. चौथा लावला, तर घटतं. घटत्या उत्पादनाचा नियम.

मारोतराव : हे उद्याच शिकवाचं होतं?

कापगते : एप्रिलमध्ये परीक्षा आहे. हा प्रश्न दरवर्षी येतो.

मारोतराव : तं नांगर सोडा. बैल घ्या.

भैय्यालाल : बैल कसा चालन, मालक? वासरूच मोठं झालं का बैल होते.

मारोतराव : तू चहा ठेव न् गुमान उभा राह्य. सर, तो धडा गाळा ना. पोट्टे एका प्रश्नानं काही मरत नाहीत. तुमची ऑर्डर तं होऊन जाईन.

कापगते : ऑर्डर मला हवी आहे, खोटं कशाला बोलू? माझ्या बायकोनं, ललितानं, सकाळी देवापुढं साखर ठेवली आहे. पण जो प्रचार केला नाही तो केला म्हणायचं, आणि जे शिकवायचं ते शिकवायचं नाही? मला नाही जमणार.

मारोतराव : म्हणजे ऑर्डर ड्रावरात टाकू?

कापगते : टाका. भोजराजला मात्र उद्या पाठवा. त्यानं अर्धंच लिहून घेतलं आहे.

भैय्यालाल : अन् सर, याले कॉलेज कायले लागते? बांदी एकच. तीन नांगर घुसले का बैल एकमेकाच्या आंगावर जातेत. चिखल होते, धान नाही होत.

मारोतराव : भैय्यालाल, दिल्लीत एका नांगराखाली किती पक्ष जमले म्हणे?

भैय्यालाल : रेडिओवाला चार-पाच सांगत होता, मालक.

मारोतराव : चार-पाच... सर, मंग सहीची घाई नको. ना कायम कराची, ना काढून टाकाची. एका बांदीत एवढे नांगर किती दिवस चालतेत, ते पाहू आधी.

कापगते : चला. एकाला तरी धडा समजला.