दसऱ्याचं पिस्तूल

अटलांटाच्या बस स्टँडवर बस लेट झाली होती आणि विनीता वैतागून बसली होती. एवढ्यात मागच्या बाकावरून चक्क मराठी ऐकू आलं, तेही पिस्तुलाबद्दल! तिने पुस्तक उघडंच ठेवलं आणि कान टवकारले.

“जगन्नाथराव, मोटेलच्या काउंटरखाली ठेवायला मीही तुमच्यासारखंच स्वस्तातलं पिस्तूल घेतलं. पण दुसऱ्या गोळीलाच अडकतं हो!”

“दुसऱ्या? नशीबवान आहात, त्र्यंबकराव. आमचं पहिलीलाच अडकतं.”

“मग तुमच्या दारूच्या दुकानात ते ठेवता कशाला?”

“अहो, त्यानेच तर दसऱ्याला मला वाचवलं! आमच्या सौ. मालिनीने त्याची पूजा केली होती. शस्त्र ना ते! ओलं कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत.”

“बरं, मग?”

“संध्याकाळी एक आडदांड माणूस चाकू घेऊन थेट गल्ल्यापाशी आला. मी पिस्तूल काढून चाप ओढला, तर हलेचना. आत अक्षता अडकलेल्या!”

“बाप रे!”

“मला दरदरून घाम फुटला, तो त्याच कुंकवाच्या हाताने पुसला. तर हा माझ्याकडे बघतच राहिला. हात लाल, कपाळ लाल, पिस्तूल लाल! म्हणाला, ‘मिस्टर, आर यू ओके?’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? ‘हॅपी दसरा!’ चाकू टाकून पळाला की हो!”

विनीताने पुस्तक तोंडावर घट्ट दाबून धरलं.

“म्हणजे आता जरा चांगलं पिस्तूल घेणार?”

“छे हो! नागपूरला भावाला पत्र टाकलंय, कुंकवाचा मोठा पुडा पाठव म्हणून.”