रुमालाखालचं ॲडमिशन

...पाचच मिनिटं बोला म्हनतेत! ह्यो मलप्पा, मंडळाचा अध्यक्ष, आत्ता कानात सांगून गेला, 'सर, पाच मिनिटं. कॉलेज कसं निवडावं, पयल्या वर्षी काय काळजी घ्यावी, बास.' आरं, पाच मिनिटांत माझी आंघोळ होत न्हाई, अन् आंघोळीवरच तर माझं सगळं कॉलेज ठरलं! हसू नका. हसा, हसा, दहावी पास झालाव, म्होरं पेढ्याचा बॉक्स हाय, तुम्हाला हसू येनारच. मोबाईलवर कॉलेजं बघता, कट ऑफ बघता, कँटीनचे फोटू बघता... आमच्या टायमाला कट ऑफ एकच व्हता, पान्याचा! आड कोरडा, नळ कोरडा, टँकर आला तर आला न्हाई तर न्हाई. अन् मला कुनी इचारलं का? न्हाई!

तुम्हाला सांगतो, लातूर तवा नुकताच जिल्हा झाला व्हता. अन् आपल्या उदगिरात सुतक! मोंढ्यात जो तो म्हनायचा, 'किल्ला आमचा, बाजार आमचा, अन् कलेक्टर त्येंचा?' पर लेकरं शिकवायची म्हनलं की ह्येच लोक गुपचूप लातूरच्या यष्टीत बसायचे. आमच्या घरात तर भांडनच. आमचे अप्पा, ईश्वरप्पा, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत दुकान. ते म्हनायचे, 'जिल्ह्याच्या ठिकानी शिकंल पोरगं.' अन् आमची आज्जी रत्नम्मा, ती म्हनायची, 'जिल्हा नवा हाय रे, अजून मुरला न्हाई. नव्या मडक्यातलं पानी कुनी लगेच पितंय का?' आता मडक्याला काय उत्तर देता? दोन दिवस माझं शिक्षन मडक्यात अडकलं!

मला काय पायजे व्हतं ते ऐका, कारन त्या घरात कुनी ऐकलं न्हाई. नववीत आमची सहल नांदेडला गेली व्हती. येताना विष्णुपुरीला थांबलो. तिथं गोदावरीवर धरनाचं काम चालू व्हतं. आगागागा! ती मशिनं, त्यो गाळ, ते डोक्यावर पिवळं टोपडं घालून नुसतं बोट दाखवनारे इंजिनेर... बोट दाखवलं की डोंगर हालतोय राव! तवाच ठरवलं, आपुनबी बोट दाखवायचं. म्हंजे अकरावीला सायन्स, मग विष्णुपुरीचं इंजिनेरिंग कॉलेज. दहावीला गनितात असे मार्क पडले की हेडमास्तरांनी घरी येऊन च्या पिला. सगळं जुळून आलं व्हतं बगा. फकस्त घरच्यांनी मान हालवायची राहिली व्हती.

पर आमची आज्जी! आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ, मग तळहातावर लिंग घेऊन पूजा, मगच तोंडात घास. घरात आज्जीचा कायदा एकच, अन् त्यो कानडीत: 'स्नान इल्ला, पूजा इल्ला, ऊटा इल्ला!' आंघोळ न्हाई तर पूजा न्हाई, पूजा न्हाई तर जेवन न्हाई. कायद्यात दुष्काळाचं कलम न्हाई! तर निघालो तिघं लातूरला. अप्पाच्या खांद्यावर मोंढ्यातला मोठा रुमाल, आज्जीच्या हातात झाकनाचा तांब्या, अन् माझ्या हातात मार्कशीट, जे दिवसभर कुनी बघितलं न्हाई.

पयलं कॉलेज लई नावाजलेलं. नाव सांगत न्हाई, आजबी हाय ते. सायन्सचा रिझल्ट असा की भिंतीवर फोटूला जागा न्हाई. मी त्या भिंतीकडं बघून हात जोडले. अन् अप्पांनी खिडकीतल्या क्लार्कला पयला सवाल काय केला? 'साहेब, वसतिगृहाला आड हाय का?' क्लार्क म्हनला, 'आड आहे.' 'पानी हाय का?' 'आहे हो, पोरांच्या आंघोळी एक दिवसाआड होतात.' झालं! आज्जी तिथंच खाली बसली. 'अय्यय्यो शिवने! म्हंजी माजं लेकरू एक दिवसाआड जेवनार?' क्लार्क म्हनला, 'आजी, जेवण रोज आहे.' 'आंघोळीबिगर?' 'हो.' 'मग ते जेवन हाय का पाप हाय?' मागं लाईनीत शंभर मानसं, अन् खिडकीवर ही चर्चा! मी म्हनलं, आज्जी, मी ओल्या फडक्यानं आंग पुसून पूजा करीन की. आज्जीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी तिचंच कंडक्टरशी लगीन लावतो म्हनलो! बाहेर. कॉलेज बाद. अन् मला कुनी इचारलं का? न्हाई!

मग एका च्यावाल्यानं सांगितलं, 'गावाबाहेर नवं कॉलेज निघालंय, तिथल्या आडाला उदंड पानी हाय.' गेलो. कॉलेज म्हंजे काय, पत्र्याची शेडं, एक बाभळ, बाभळीला घंटा. पोरं कमी, शेरडं जास्त. पर आड! काठोकाठ! आज्जीनं तर आडालाच नमस्कार केला. अप्पांनी तांब्यानं पानी काढलं, ओंजळीत घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला, दोन घोट पिले अन् मान हालवली. ज्वारीचा नमुना बघतेत की, अगदी तसं! मी रडकुंडीला येऊन म्हनलं, 'अप्पा, इथं सायन्स न्हाई. नुसतं आर्ट्स हाय.' अप्पा म्हनले, 'पानी हाय का न्हाई?' 'पानी हाय.' 'मग सायन्स येतंय मागनं.'

आता खरी गंमत. प्राचार्य आप्पासाहेब, मानूस भला, पर पुन्याकडला. खुर्चीवरनं उठले, 'या, या, बसा' म्हनले अन् हात म्होरं केला, हात मिळवायला. तुमच्यातल्या मोंढ्यातल्या पोरांना म्हाईत आसंल, बाकीच्यांना सांगतो: आडतीवर भाव तोंडानं बोलत नसतेत. दोघांनी हातात हात द्यायचा, वरनं रुमाल टाकायचा, अन् आत बोटं दाबायची. दोन बोटं म्हंजे दोन, सगळा पंजा म्हंजे पाच. काय ठरलं ते दोघांनाच ठावं, तिसऱ्याला सांगायचं न्हाई, अन् एकदा ठरलं की जीव गेला तरी फिरायचं न्हाई. अप्पांनी त्यो हात बघितला... अन् खांद्यावरचा रुमाल टाकला की वो वर!

प्राचार्य घाबरले. 'अहो, हे काय?' अप्पा खालच्या आवाजात म्हनले, 'रोजच्या बादल्या,' अन् दोन बोटं दाबली. प्राचार्यांना वाटलं ज्योतिषी हाय का काय. हात सोडवून घ्यायला गेले, त्यात तोल गेला, अन् पडू नये म्हनून अप्पाचा सगळा पंजा गच्च धरला! पाच! अप्पाचे डोळे असे झाले... अहो, मागितल्या दोन अन् समोरचा देतोय पाच? उभ्या जिंदगीत असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं! रुमाल झटकला, म्हनले, 'सौदा पक्का! पोरगं तुमचं.' आज्जीनं तिथंच कपाळाला इभूत लावली, माझ्याबी अन् प्राचार्यांच्याबी. अन् मी? हातात गनिताचे मार्क घेऊन उभा. मला कुनी इचारलं का? न्हाई!

मग प्राचार्यांना शिपायानं समजावलं, साहेब, तुम्ही काय करून बसलाव ते. आधी हसले. मग म्हनले, 'शब्द दिला गेला ना? मग द्या त्याला पाच बादल्या.' तर पोरांनो, पयल्या वर्षी काळजी काय घ्यावी? नाव पडू देऊ नका! मला सगळं लातूर 'पाच बादल्या' म्हनायचं. एका बादलीत मी भागवायचो, चार वाटायचो. अन् आंघोळीला कोन यायचं? त्या नावाजलेल्या कॉलेजातली सायन्सची पोरं! आंघोळ माझ्या पान्यानं, अन् तोंडानं त्येंचं न्यूटन चालू! डोळ्यात साबन, तोंडात सूत्र, अन् मी हातात तांब्या घेऊन ऐकतोय. फॉर्म्युला चुकला की मी पानी बंद करायचो. उन्हाळ्यात आड आटला, तरी माझ्या बादल्या आल्या, प्राचार्यांच्या घरनं. त्येंची बायको मला बघून जे बोलायची ते हितं सांगत न्हाई, लेकरं बसल्यात.

अन् जूनमधी काय व्हावं? त्या मोठ्या कॉलेजात माझा नंबर लागला! सायन्सला! तिथला एक पोरगा दिवसाआडच्या आंघोळीला बेजार होऊन कंधारला पळून गेला, जागा मोकळी झाली. परत अकरावी करायची, एक वर्ष गेलं तर गेलं, विष्णुपुरी तर हातात येतीय! पाऊसबी जरा झाला व्हता, आज्जीसुदिक 'हूं' म्हनली. फकस्त त्या दिवशी सांजच्या आत अप्पांनी लातूरला येऊन सही करायची. मी पळत मोंढ्यात आलो... अन् बघतो तर दुकानात गादीवर कोन? प्राचार्य आप्पासाहेब! नव्या कॉलेजला पोरं कमी पडून राहिली व्हती, एकेक पोरगं गेलं की मान्यता हालायची. मला वाटलं हात जोडतील, इनंती करतील. तर ह्या पुन्याच्या मानसानं खिशातनं काय काढावं? रुमाल! घडी मोडली, हात म्होरं केला, अन् म्हनले, 'ईश्वरप्पा, बोलू या.'

अप्पांनी हात दिला. रुमाल पडला. मी उभा. रुमाल हालतोय... थांबतोय... परत हालतोय... माझी गोदावरी, माझं धरन, माझं पिवळं टोपडं, सगळं त्या रुमालाखाली! वाकून बघितलं तर हमालानं मागं वढलं, 'मालक, सौद्यात वाकू नये.' शेवटी अप्पांनी हात काढला. दोघांच्याबी डोळ्यांत पानी. 'झालं,' म्हनले. म्हनलं, 'काय झालं?' 'तू जातूस ह्येंच्यासंगं.' 'किती वर्षं?' अप्पा म्हनले, 'येडा हायस का? आकडा सांगत असतेत का कुनाला?' रडलो हो मी त्या दिवशी. तुरीच्या पोत्यावर पालथा पडून रडलो.

मग काय! तिथंच बारावी, तिथंच बी.ए., अन् बाहेरनं एम.ए., बी.एड. करून आलो तर त्याच कॉलेजात अकरावीला भूगोल शिकवायला चिकटलो. सायन्स आलं मागनं, अप्पा म्हनले व्हते तसं, पर तवर मला पोरं झाली व्हती. विष्णुपुरीचं धरन मी फळ्यावर खडूनं लई बांधलं. दरसाल इचारायचो, अप्पा, कितीचा सौदा? अप्पा हसायचे. जाताना अंथरुनावर इचारलं, त्येंनी माझा हात धरला, मला वाटलं आता बोटं दाबत्यात... नुसता धरला. प्राचार्यांकडं गेलो, तेबी म्हनले, 'ईश्वरप्पांना शब्द दिलाय रे.' अन् तेबी गेले.

गेल्या साली रिटायर झालो. शाल, नारळ, फोटू, सगळं झालं. तरी रोज सकाळी आंघोळ, पूजा करतो अन् लातूरची पयली यष्टी धरतो. तिथं जाऊन बाभळीखाली बसतो. नवीन प्राचार्य चांगले हायत, च्या पाजतेत, म्हनतेत, 'सर, आता कशाला येता?' बायकोबी तेच इचारती, 'आता कामून जाता?' आता काय सांगू? आकडा पुरा झाला का न्हाई ते सांगायला दोघांतला एकबी राहिला न्हाई... अन् आमच्या मोंढ्यात सौदा अर्धा टाकून घरी जायची पद्धत न्हाई!