ग्राफेचा अर्थ

— नको, ती शाल इथं टेबलावर नको ठेवूस, केदार. विसरले म्हणून आणून दिलीस? विसरले नव्हते रे, मुद्दाम खुर्चीवर टाकून आले होते. किळस येते मला तिची. तू शाळेत नवा, तुला कुणी सांगितलं नसेल — शेलारच्या भाऊंनी शाळेला वाचनालय बांधून दिलं, त्यांच्या मुलानं, प्रितेशनं, मोबाईलमध्ये बघून नाव काढलं, 'ग्राफे'. ग्रीक शब्द. मग अर्थ कोण सांगणार? निवृत्त सुमतीबाई, म्हणजे मी. बसले आठ दिवस कोश घेऊन. ग्राफे म्हणजे लेखन, बरोबर — पण ते ज्या क्रियापदावरून आलं, त्याचा मूळ अर्थ ओरखडणं. भाला कातडीला घासून जातो ना, तसं. मग खापरावर, दगडावर ओरखडे काढता काढता त्याचंच लिहिणं झालं. नववीतली अपूर्वा, टेमघरची, माझ्याकडे पुस्तकं न्यायला यायची, तिला हे सांगितलं — तर दुसऱ्या दिवशी कौलाच्या तुकड्यावर खिळ्यानं स्वतःचं नाव काढून घेऊन आली. काय खूश होती.

भाऊंना नाही पटलं. म्हणाले, "बाई, उद्घाटनाला ओरखडा न्हाय चालणार. ज्ञानाचा दैवी प्रकाश, असं लिवा." लिहिलं का मी? लिहिलं. आणि मंचावर वाचलंसुद्धा, खणखणीत आवाजात — आधी शाल, मग टाळ्या. तेवढ्यात ती पोर उठली. दोनशे माणसांत. "बाई, तुम्ही तर ओरखडणं सांगितलं होतं."

तू दाराशी होतास ना? मग मी काय म्हणाले ते ऐकलं नसशील. मी म्हणाले, "तुझ्या ऐकण्यात घोळ झालाय, बस खाली." सगळे हसले. ती बसली. तेव्हापासून मी भेटेल त्याला भाऊंच्या नावानं बोटं मोडून दाखवतेय — पण भाऊंना कुठं ग्रीक येतं? खोटं आहे हे त्या अख्ख्या मांडवात दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक खरं बोलली, आणि दुसरीनं तिला खोटं पाडलं.

काल टेमघरला गेले. दारात उभ्यानंच सांगितलं, तुझंच बरोबर होतं ग. "माहीत आहे, बाई," म्हणाली. पाणी दिलं. माझं पुस्तक आतून आणून हातात ठेवलं. दुसरं देऊ का विचारलं, तर मान हलवली — नको.

काय म्हणालास? मुलं विसरतात?

ऊठ, केदार. जा तू आता.